तुळईची कुंडी: एका नांदरुकीचं प्रकरण

नारायण पेठेतला वाडा पाडायला घेतला तेव्हा काकूंनी बिल्डरकडे दोनच गोष्टी मागून घेतल्या. देवघराची चौकट आणि माजघरावरच्या तुळईचा दोन हात तुकडा. चौकट नव्या फ्लॅटमधल्या देवघराला बसली. तुळईचं काय करायचं ते काकूंनाही ठाऊक नव्हतं. दीड वर्ष ती सोसायटीच्या जिन्याखाली पडून होती. सेक्रेटरींची तिसरी चिठ्ठी आल्यावर ती माझ्या धायरीच्या शेडमध्ये आली.

काकू आईच्या मैत्रीण. गच्चीवर त्यांची चाळीसेक बोनसाय आहेत, आणि त्यातलं सगळ्यात जुनं झाड नांदरुकीचं, वड-पिंपळाच्या जातकुळीतलं. ते त्याच वाड्याच्या मागच्या भिंतीत उगवलं होतं. विटांच्या सांध्यातून ओढून काढलं तेव्हा मूळ बोटभर होतं, आता झाडाला बावीस वर्षं झाली. "भिंत फोडायला निघालेली ही, आणि त्याच भिंतीवर टेकलेली ती तुळई. बसव दोघींना एकत्र," काकू म्हणाल्या. सोबत आणखी एक लाकूड त्यांनी पिशवीतून काढलं. मुलाने दापोलीजवळच्या मुरुडच्या किनाऱ्यावरून आणलेलं, लाटांनी झिजून होडीसारखं झालेलं. "ह्यात जेड लाव. ते काय, कसंही जगतं."

या दोन कुंड्यांपैकी एक मी जीव ओतून केली आणि दुसरी उरकून टाकली. जीव ओतलेली पहिल्याच पावसाळ्यात फाटली. उरकलेली टिकली. असं का झालं ते समजायला मला सहा महिने लागले. वाड्याच्या लाकडाच्या कुंड्या करायची हौस हल्ली पुण्यात बऱ्याच जणांना दिसते, म्हणून सगळं मापांसकट लिहून ठेवतो.

हातात आलं ते लाकूड

तुळई सागवानी. ८ इंच रुंद, ७ इंच उंच, लांबी ३६ इंच. वजन एकवीस-बावीस किलो. अंगावर तेलरंगाचे तीन थर, सगळ्यात वरचा पोपटी. जुन्या तेलरंगाचं एक सांगून ठेवतो, कारण घरात लहान मुलं असतात. आपल्याकडे घरगुती रंगातलं शिसं ९० पीपीएमपर्यंत (दहा लाख भागांत ९० भाग) आणायचा नियम २०१६ साली झाला आणि १ नोव्हेंबर २०१७ पासून लागू झाला. त्याआधीच्या रंगाची खात्री देता येत नाही. त्यामुळे असा रंग कोरडा घासायचा नाही, हीट गनने किंवा टॉर्चने जाळायचा तर नाहीच. मी ओल्या फडक्याने भिजवत पत्र्याच्या खरवडणीने काढला. दोन रविवार गेले.

खिळे हा दुसरा ताप. लाकूड चिरायच्या गिरणीवर वाड्याचं लाकूड घेऊन गेलात तर मालक आधी तुमच्या तोंडाकडे बघतो आणि मग पात्याकडे. एक खिळा आत राहिला तर पट्टीचं पातं गेलं. चुंबक फिरवून मी अकरा खिळे काढले. सात चौकोनी, हाताने घडलेले. त्यांच्याभोवती लाकूड काळं पडलं होतं. ते कुजलेलं नसतं. लाकडातलं टॅनिन आणि लोखंड ओलाव्यात एकत्र आले की शाई तयार होते, तिचा तो डाग असतो.

तुळईचं एक टोक आठ-नऊ इंच पार भुसभुशीत होतं. बोटाने दाबलं तर चौकोनी ढलपे सुटायचे. भिंतीत गेलेला भाग तो. मी तेवढं कापून बाजूला केलं आणि शेडचं दार वाऱ्याने आपटतं त्याला अडण म्हणून ठेवलं. या अडणीचा विषय पुढे येईल.

उरलेलं लाकूड मात्र टणटणीत होतं. आणि हे वाड्याचं माजघर साधंसुधं नव्हतं. १२ जुलै १९६१ ला पानशेत फुटलं, पाठोपाठ खडकवासला फुटलं, तेव्हा नारायण पेठेत पाणी शिरलं. काकूंच्या सासूबाई सांगायच्या की त्या दिवशी माजघराची तुळईसुद्धा पाण्याखाली होती. म्हणजे हे लाकूड पुरात बुडून निघालेलं आहे. काकू हे मला तीनदा म्हणाल्या. मी तीनही वेळा "हो का" म्हणून पुढच्या कामाला लागलो.

मुरुडच्या लाकडाची तऱ्हा वेगळी. जात ओळखू येईना. वजनाला हलकं, आणि एका बाजूला पेन्सिल जाईल अशी भोकं. भोकांच्या आत पांढरा चुन्याचा पातळ थर. ही टेरेडोची कामगिरी. दिसायला अळी, पण कुळाने शिंपला. समुद्रातलं लाकूड पोखरतो आणि बोगद्याला आतून चुन्याचा गिलावा करत जातो. किनाऱ्यावरच्या लाकडात मीठ मुरलेलं असतं आणि झाडाच्या मुळांना ते मारक. म्हणून साठ लिटरच्या ड्रममध्ये दगड ठेवून बुडवलं आणि रोज पाणी बदललं. घरच्या फिल्टरवाल्याने दिलेला टीडीएसचा, म्हणजे पाण्यात विरघळलेले क्षार मोजायचा, पेन हाताशी होता. पहिल्या दिवशीचा आकडा हजाराच्या वर गेला. एकोणिसाव्या दिवशी तो नळाच्या पाण्याच्या आसपास आला, तेव्हा लाकूड बाहेर काढलं.

किनाऱ्यावरून किंवा धरणाच्या पाणलोटातून लाकूड उचलणाऱ्यांनी एक गोष्ट लक्षात ठेवावी. भारतीय वन अधिनियम, १९२७ चं कलम ४५ म्हणतं की वाहून आलेलं, किनाऱ्याला लागलेलं किंवा बुडालेलं इमारती लाकूड, कुणी मालकी सिद्ध करेपर्यंत, सरकारचं धरलं जाईल. आणि त्या कायद्यातली लाकडाची व्याख्या वाचली तर 'कोरून पोकळ केलेलं असो वा नसो' असेही शब्द आहेत. म्हणजे कुंडी केली म्हणून सुटका नाही. हातभर ढलप्यासाठी कुणी दारात येत नाही हे खरं, पण टेम्पो भरून आणणाऱ्यांची फुशारकी ऐकतो तेव्हा हे कलम आठवतं. म्हणून मी पावतीचं लाकूड बरं समजतो. जुन्या बाजारातून किंवा टिंबर मार्केटमधल्या जुन्या लाकडाच्या वखारीतून घ्यावं.

पहिली कुंडी

झाड २६ इंच उंच, बुंधा मुळाशी ३ इंच जाड. बोनसायच्या कुंडीची लांबी झाडाच्या उंचीच्या दोन-तृतीयांश आणि खोली बुंध्याच्या जाडीइतकी, हा ढोबळ हिशेब. त्याप्रमाणे मी तुळईतून १८ इंच लांब, ८ इंच रुंद, साडेचार इंच उंच असा ठोकळा काढला. वरचा अडीच इंचाचा पाट उरला, तो बाजूला ठेवला. ठोकळा आतून कोरला: १५ बाय ६, खोली सव्वातीन इंच. पावणेपाच लिटर माती मावते. लांबीच्या टोकांना भिंत दीड इंच ठेवली, कारण तिथे लाकडाचे धागे आडवे तुटतात आणि पातळ भिंत टिचकीसरशी उडते. एवढं मला कळत होतं.

राऊटरने (लाकूड कोरायच्या यंत्राने) ढोबळ काम, कोपरे पटाशीने. आठ दिवस. सागवान कोरताना जो वास येतो त्यासाठी माणूस पैसे मोजेल. शंभरेक वर्षांनंतरही आतलं लाकूड तेलकट होतं. गाभ्यातल्या अशा द्रव्यांमुळे वाळवी सागवानाच्या गाभ्याला सहसा तोंड लावत नाही.

मग मी केलेल्या तीन गोष्टी. तेव्हा तिन्ही शहाणपणाच्या वाटल्या.

आतून पारदर्शक इपॉक्सीचे (दोन द्रव मिसळले की घट्ट होणाऱ्या राळेचे) दोन हात दिले, बाहेरून पीयू म्हणजे पॉलियुरेथेन पॉलिशचे तीन. पाणी लाकडाला लागूच द्यायचं नाही, असा विचार. पॉलिश वाळल्यावर तळाला पाऊण इंची दोन भोकं पाडली, कारण आधी पाडली असती तर इपॉक्सी गळून गेलं असतं. आणि तळ सरळ राहावा म्हणून खालून दोन आडव्या पट्ट्या, प्रत्येकीला दोन-दोन स्क्रू, घट्ट आवळून. पट्ट्याच पाय झाल्या. उंची अर्धा इंच.

कुंडी दिसायला अशी झाली की काकूंनी आधी ती हॉलमध्ये टीपॉयवर ठेवली. पंधरा दिवस येणाऱ्या-जाणाऱ्यांना दाखवून झाल्यावर, जूनच्या पहिल्या आठवड्यात, नांदरूक तिच्यात गेली. विटांचे तुकडे दोन भाग, गांडूळखत एक भाग, थोडी जाड वाळू. हे साल २०२२.

मुरुडच्या लाकडाला मी एवढा वेळ दिला नाही. निसर्गतः खोलगट होतं, ते थोडं वाढवलं. भुसभुशीत भाग तारेच्या ब्रशने निघेल तेवढा काढला. इपॉक्सी उरलं नव्हतं आणि त्या खडबडीत अंगाला काही लावायचा उत्साहही उरला नव्हता. टेरेडोने पाडलेली भोकं होतीच, त्यातली चार आरपार केली. खाली दोन विटा ठेवल्या, जेड लावलं, संपलं. तासाभराचं काम.

ऑक्टोबर

पुण्याचा पाऊस मुंबई-कोकणाच्या मानाने काहीच नाही असं आपण म्हणतो. मिलिमीटरात ते खरं आहे. लाकडाला मात्र मिलिमीटर कळत नाहीत. जुलै-ऑगस्टात इथे जी रिपरिप लागते, दिवसचे दिवस ऊन नाही, भिंतीवरचा टॉवेल दोन दिवस ओला, ती लाकडाला जास्त जाचते.

सप्टेंबरच्या शेवटी काकूंचा फोन. "नांदरूक पानं टाकतेय रे. आणि कुंडीवर पांढरं आलंय, दुधासारखं."

गेलो. पीयूच्या खाली पांढुरका धुरळा दिसत होता, विशेषतः तळाकडे. आठवडाभर पाणी कमी केलं, फरक पडेना. ऑक्टोबरच्या पहिल्या रविवारी झाड उचललं. एका कोपऱ्यातली मुळं काळी, मऊ, आणि वास गटारासारखा. झाड बाजूला ठेवून कुंडी उलटी केली. तळाला लांबीतून अकरा इंचाची भेग. भोकांभोवती इपॉक्सी सालपटासारखं सुटलं होतं आणि त्याखाली टोच्या अर्धा इंच सहज आत जात होता. भेगेत नांदरुकीची दोन मुळं शिरली होती. भिंत फोडणारी ती, ती कशाला सोडेल.

काकू काही बोलल्या नाहीत. त्यांनी चहा टाकला. ते जास्त लागलं.

जेड शेजारीच होतं. त्याची कुंडी बाहेरून काळपट, शेवाळलेली, दिसायला दरिद्री. टोच्या लावला तर टणक. तीन कोरडे दिवस गेले होते, मीटर लावून ओल मोजली. मुरुडच्या लाकडाची भिंत १७ टक्के. तुळईच्या कुंडीचा काठ १४, तळ मात्र मीटरच्या मापाबाहेर.

इथे एक मान्य करायला हवं. जेडला पाणी कमी लागतं, काकू ते कमीच घालत होत्या. त्यामुळे ही सरळ तुलना नाही. दोन झाडं वेगळी, दोन लाकडं वेगळी. पण गच्ची एक, पाऊस एक, आणि न रंगवलेलं फालतू लाकूड वाळत होतं, हे नाकारता येत नव्हतं.

नांदरुकीची कुजकी मुळं कापून, धुऊन, तिला प्लॅस्टिकच्या जाळीच्या टोपलीत नुसत्या विटांच्या तुकड्यांत लावलं. ही जात चिवट. डिसेंबरात नवे कोंब आले.

दाराची अडण

कुंडी शेडमध्ये आणून मी ती उभी चिरली. लाकडाचा राग नव्हता, आत काय झालंय ते बघायचं होतं. चिरलेला भाग घेऊन उजेडात, दाराशी गेलो. खाली अडण होती, तुळईचं ते कुजकं टोक. दोन्ही तुकडे शेजारी ठेवले. एकसारखे. तेच चौकोनी ढलपे, तोच तपकिरी रंग, बोटात तोच भुगा.

तुळई शंभरेक वर्षं माजघरावर होती. पुरात बुडाली. पण पूर ओसरला, वाड्यात वारं खेळलं आणि ती वाळली. आतला भाग अजून तेलकट आहे. तिचं टोक मात्र भिंतीत होतं. पावसाळ्यात भिंत ओल धरायची आणि टोकाला ती ओल सोडायला वाटच नव्हती. पुरात भिजलेलं लाकूड टिकलं आणि भिंतीतलं सडलं. काकू ही गोष्ट मला तीनदा सांगत होत्या, आणि मी त्यांच्या तुळईला नवी भिंत बांधून दिली होती, इपॉक्सी आणि पीयूची.

आता हिशेबाने. लाकूड कुजवणाऱ्या बुरशीला लाकडात साधारण २८ ते ३० टक्क्यांच्या वर ओल लागते. २० टक्क्यांच्या खाली तिचं काम थांबतं. बाकी हवा आणि ऊब तिला पुण्यात फुकट मिळते. म्हणजे प्रश्न भिजण्याचा नाही, किती दिवस तीसच्या वर राहतं याचा आहे. पॉलिशनंतर भोकं पाडल्यामुळे भोकांच्या कडांना लाकूड उघडं राहिलं. लाकडाचे धागे जिथे आडवे कापले जातात तिथून पाणी झपाट्याने आत जातं. आत गेलेलं पाणी वर इपॉक्सी, खाली पीयू, अशा कैदेत अडकलं. शिवाय मी सागवान ऍसिटोनने पुसून न घेता इपॉक्सी ओतलं होतं. ताज्या कापलेल्या सागाचं तेल पुसलं नाही तर कुठलंच चिकट त्याला नीट धरत नाही. त्यामुळे आतला थर सुटला आणि त्याच्या मागे पाण्याची पिशवी झाली.

उथळ कुंडीचा एक स्वभाव इथे आड आला. माती पाणी तळाशी धरून ठेवते, आणि त्या ओल्या थराची जाडी मातीच्या दाण्यावर ठरते, कुंडीच्या खोलीवर ठरत नाही. बादलीत असलेला इंचभर ओला थर किरकोळ वाटतो. सव्वातीन इंचाच्या कुंडीत तोच थर जवळजवळ एक-तृतीयांश होतो. म्हणजे बोनसायच्या कुंडीचा तळ कायमच ओला असणार, हे धरूनच चालायला हवं होतं.

मग भेग. लाकूड लांबीत जवळपास हलत नाही, रुंदीत हलतं. साग ताजा कापल्यापासून पूर्ण कोरडा होईपर्यंत वाढवलयांच्या कडेकडेने पाच-साडेपाच टक्के आक्रसतो, गाभ्याकडून सालीकडे अडीच टक्के. पुण्यात एप्रिलच्या दुपारी लाकूड पाच-सहा टक्क्यांपर्यंत कोरडं होतं आणि पावसाळ्यात हवेनेच सोळा-सतरावर जातं. दहा टक्क्यांचा हा झोका आठ इंच रुंदीत दोन ते साडेतीन मिलिमीटर होतो. मी मात्र तळाला आडव्या पट्ट्या स्क्रूने आवळल्या होत्या. शिवाय तुळई अख्ख्या बुंध्याची, तिच्या मध्यातून गाभ्याचा बिंदू जातो, आणि माझा ठोकळा कापताना तो नेमका तळात आला होता. भेग तिथूनच सुरू होते. सुताराला हे सांगावं लागत नाही. मी इंजिनिअर असल्यामुळे मला सांगावं लागलं.

दुसरी कुंडी

उरलेला अडीच इंची पाट आणि दहा इंचाचा एक ठोकळा माझ्याकडे होता. फेब्रुवारीत गिरणीवर पाट चिरून १८ मिलिमीटरच्या तीन फळ्या काढल्या, प्रत्येक १८ बाय ८. कोरायचं नाही, जोडायचं असं ठरवलं.

पहिली फळी लांबीत चिरून दोन लांब बाजू झाल्या. तिसरीतून दोन आखूड बाजू, पाय आणि तळाला आधाराच्या पट्ट्या. चारही बाजूंचे धागे आडवेच ठेवले, म्हणजे ओल चढेल तेव्हा चारही बाजू मिळून उंचीत वाढतील आणि एकमेकींशी भांडणार नाहीत. कोपऱ्यांना खाचा पाडून एकमेकांत बसवलं, पितळी स्क्रू दिले. लोखंडी स्क्रू सागात गंजतो आणि शाई सोडतो, ते त्या सात खिळ्यांनी दाखवलंच होतं.

तळ हा या कुंडीचा मुख्य भाग. मधल्या फळीचे सात इंच लांबीचे दोन तुकडे करून ते चिरले. दोन इंच रुंदीच्या आठ पट्ट्या निघाल्या. त्या तळाला ओळीने नुसत्या ठेवल्या. खिळा नाही, गोंद नाही. दोन पट्ट्यांमध्ये तीन मिलिमीटर फट. खालच्या आधाराच्या पट्टीवर त्या टेकतात आणि मातीच्या वजनाने बसून राहतात. पट्टी फुगली तर फट कमी होईल, सुकली तर वाढेल. पाणी सात फटींतून उतरतं. एखादी सडली तर सरकवून काढायची आणि दुसरी बसवायची. त्या दहा इंची ठोकळ्यातून सुट्या पट्ट्या कापून काकूंच्या कपाटात ठेवल्या आहेत, घराच्या किल्ल्यांशेजारी.

पाय इंचभर उंच, आणि टोकांचे आडवे कापलेले धागे जमिनीला टेकणार नाहीत असे. कुंडीखालून वारं गेलं पाहिजे.

लेपाचं काय, यावर मी बरेच दिवस घोळ घातला. कुणी आत डांबर लाव म्हणालं. शेताच्या कुंपणाच्या खांबाचं बूड जाळून डांबर फासायची रीत आपल्याकडे जुनीच आहे. पण डांबर उन्हात मऊ होतं आणि एप्रिलमध्ये गच्चीवर मुळांच्या इतक्या जवळ मला ते नको होतं. आतून गॅसच्या टॉर्चने काळं होईपर्यंत भाजलं. रंगाचा अंश राहिला नाही याची आधी खात्री केली. बुरशीला कोळसा खाता येत नाही. पण कोळशाचा थर पातळ असतो आणि भेगाळतो, त्यामुळे त्यावर फार भिस्त ठेवू नये. जपानी लोक घराच्या फळ्या भाजून वापरतात ते बघून सगळेच भाजायला लागलेत. घराची फळी उभी असते आणि पाऊस गेला की वाळते. कुंडीचा तळ आडवा आणि ओला. मी भाजलं ते मुख्यतः भाजलेला साग छान दिसतो म्हणून, हे कबूल करतो.

बाहेरून अळशीचं उकळलेलं तेल, फडक्याने दोनदा. तेल पाणी अडवत नाही, नुसतं सावकाश आत-बाहेर जाऊ देतं. इथे एक धोका आहे. अळशीच्या तेलाचं फडकं चुरगाळून कोपऱ्यात टाकलं तर वाळताना गरम होऊन आपोआप पेट घेऊ शकतं. पसरून वाळवायचं किंवा पाण्यात बुडवून ठेवायचं. हे दुकानदार सांगत नाही.

आतून प्लॅस्टिकची ट्रे ठेवावी की नाही, यावर काकूंचं आणि माझं वाजलं. ट्रे ठेवली तर लाकूड नुसतं वेष्टन होतं आणि कितीतरी जास्त टिकतं. हॉलमध्ये ठेवायची कुंडी असेल तर मीही तेच सांगेन. काकू म्हणाल्या, "मग तुळई कशाला? कागद लाव की तुळईच्या चित्राचा." ट्रे बारगळली. फक्त फटींवर नायलॉनची जाळी आली, माती गळू नये म्हणून.

जून २०२३ मध्ये नांदरूक या कुंडीत गेली. या वेळी विटांचे तुकडे तीन ते सहा मिलिमीटरचे, दोन चाळण्यांतून काढलेले, आणि बारीक चुरा टाकून दिला. गांडूळखत निम्म्यावर आणलं. वीटभट्टीच्या तुकड्यांतून जेवढी धूळ काढाल तेवढं पाणी लवकर उतरतं, आणि हे काम कुंडीइतकंच महत्त्वाचं आहे, पण गच्चीवर उकिडवं बसून करावं लागतं म्हणून कुणी करत नाही.

तीन पावसाळे

पहिल्या पावसाळ्यानंतर झाड उचललं नाही, नुसत्या पट्ट्या खालून तपासल्या. टोच्या आत जात नव्हता. ओल ऑगस्टात मापाबाहेर असायची आणि ऑक्टोबरच्या दुसऱ्या आठवड्यात विसाच्या खाली यायची. भिजू दे, पण वाळू दे, एवढंच मागणं होतं.

बाहेरचं तेल पहिल्या उन्हाळ्यातच उडालं आणि लाकूड राखाडी झालं. मला पुन्हा तेल लावायचं होतं. काकूंना राखाडी आवडलं, वाड्याच्या खिडकीचे गज असायचे तसं दिसतं म्हणाल्या. त्यामुळे आता दर दिवाळीला तेलाची बाटली मी नेतो आणि तशीच परत आणतो.

दोन गोष्टी बिघडल्या. एका आखूड बाजूच्या कोपऱ्यात खाचेशी बारीक चीर आली. मी तिथे स्क्रू टोकाच्या फार जवळ दिला होता. ती वाढत नाहीये. दुसरं, दुसऱ्या पावसाळ्यानंतर तळाची तिसरी पट्टी मऊ लागली. काढून पाहिली तेव्हा तिच्या एका कडेला बाहेरचं पिवळट लाकूड राहून गेलेलं दिसलं. सागाचा गाभा टिकाऊ, त्याभोवतीचं फिकट लाकूड इतर कुठल्याही लाकडासारखंच कुजतं. चिरताना माझी नजर चुकली होती. कपाटातून सुटी पट्टी आणून बसवली. झाड जागेवरच होतं, काम दहा मिनिटांत झालं. त्यासाठी कुंडी दोन विटांवर उचलावी लागते आणि तेवढ्यासाठी मी धायरीहून येतो.

मुरुडच्या कुंडीचं आयुष्य मात्र संपत आलं आहे. टेरेडोने जे पोखरलं होतं तिथून एक बाजू सुटते आहे. काकूंनी तिला तांब्याची तार गुंडाळली आहे, बोनसायच्या फांदीला गुंडाळतात तशी, पंचेचाळीस अंशात. जेड खुशाल आहे. त्याची मुळं त्या भोकांतून बाहेर येऊन विटांवर टेकली आहेत, त्यामुळे कुंडी गेली तरी झाडाला कळायचं नाही.

यंदा जूनमध्ये नांदरुकीची मुळं छाटायची आहेत. त्या वेळी चार पट्ट्या बदलाव्यात असं मी म्हणतोय, काकू दोनच म्हणतात. कपाटात पाच उरल्या आहेत.